म्हातारबाचा प्रश्न

खांद्यावरची बॅगही न उतरवता लेकीने कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखा घरघरायला लागला तशी ती मटकन खुर्चीत बसली. म्हणजे तो बंद होता. बंद व्हायला नको होता.

खरं तर हा डबा कधीच भंगारात जायचा. पण बाबा महाहट्टी. आतली डिस्क मेली, तर त्यांनी पेनड्राइव्हवरून चालणारी चिमुकली लिनक्स प्रणाली शोधून काढली आणि 'म्हातारबा' म्हणत त्याला पुन्हा कामाला जुंपलं. केलेलं सगळं नुसतं मेमरीत राहायचं. बंद करताना म्हातारबा विचारायचा, ठेवायचं का? हो म्हटलं तरच ते पेनड्राइव्हवर उतरायचं, नाहीतर गेलं.

घशाच्या ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून बाबा दार लावून म्हातारबावर रेकॉर्डिंग करायला बसले आणि होणाऱ्या नातवंडासाठी पोटभर बोलले. तेवढ्यात श्वास कोंडला, आणि त्यांना तसंच उचलून न्यावं लागलं. ऑपरेशनच्या आधी घोगऱ्या आवाजात त्यांनी लेकीला फोन केला. म्हातारबा चालूच राहिलाय, माझा आवाज त्यात आहे, तेवढा उतरवून घे.

आई चहा घेऊन आली आणि सांगू लागली. रिकाम्या घरात ती घरघर ऐकवेना, म्हणून तिनेच बंद केला होता. वायर ओढून नाही, अगदी रीतसर. म्हातारबाने विचारलं, तिने 'नाही' दाबलं. पत्त्यांचा डाव खेळून झाला की ती नेहमी तेच दाबायची. बाबांनीच शिकवलं होतं.

लेकीला ओरडावंसं वाटलं. पण आई कौतुकाची वाट बघत उभी होती. लेकीने चहा घेतला.

दवाखान्यात बाबांच्या गळ्याला पट्टी होती. त्यांनी पाटीवर लिहिलं, ऐकलंस?

"ऐकलं, बाबा."

बाबांचे डोळे भरून आले. आईला वाटलं, आपणही काहीतरी चांगलं सांगावं.

"आणि तुमचा म्हातारबा मी नीट बंद केलाय बरं का. तुम्ही शिकवलंत तस्सा, 'नाही' दाबून."

बाबांचा हात थांबला. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिला मान वर करवेना. मग त्यांनी पाटी पुसली, एकच शब्द लिहिला आणि आईपुढे धरली.

"बघ," आई लेकीला म्हणाली, "शाबास म्हणतायत."