पिंडाला शिवलेला कोंबडा

बायको जयवंता गेल्याचा फोन बारामतीच्या दवाखान्यातून आला, तेव्हा तिला रस्सा न्यायचा म्हणून मी कोंबडा धरून बसलो होतो. तो हातातून सुटला.

दहाव्याला विहिरीजवळ पिंड ठेवला. कावळा शिवेना. तिची लाडकी म्हैस विकणार नाही असं वचनही मी दिलं. तेवढ्यात तोच कोंबडा आला आणि निम्मा पिंड खाऊन गेला.

चुलतभाऊ माऊलीनं हात जोडले. "तात्या, ह्याला आता कापू नगा. ह्यात वहिनी हाय."

"जिवंतपणी तिनं कधी एवढा भात खाल्ला न्हाय."

"ते ऱ्हाऊ द्या. तेराव्यानंतर भावकीला तिखट जेवण घालायची रीत हाय. युनूसकडनं दुसऱ्या कोंबड्या आणा."

युनूसच्या दुकानात पिंजऱ्यातल्या कोंबड्या माझ्याकडं बघत होत्या. मी विचारलं, "युनूसभाई, ह्या कुणाच्या कोण हायत?"

"तेवढी चौकशी आमी करत न्हाय, तात्या. किती किलो देऊ?"

आयुष्यभर मीही केली नव्हती. रिकामी पिशवी घेऊन घरी आलो. कोंबडा जयवंताच्या बाजेवर बसला होता. त्याला हाकलवेना.

भावकी रोज विचारते. तिखट जेवण अजून घालायचं राहिलं आहे.