घाईताईचे तीन शब्द

साहेबांनी कागद पुढे सरकवला, त्यावर पेन ठेवलं. मी पेन उचलून त्यांच्याच टेबलावरच्या पेल्यात परत ठेवलं.

"सही करणार नाही," मी म्हटलं.

साहेब म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या कचेरीतले नवे साहेब. वयाने माझ्या मुलाएवढे, स्वभावाने वाईट नाहीत, पण कुठलीही जुनी वस्तू दिसली की तिला रंग लावायला यांचे हात शिवशिवतात. हॉस्पिटलला पंचाहत्तर वर्षं होणार म्हणून त्यांना आमच्या नाताळच्या गाण्यांचा अल्बम नव्याने काढायचा होता. छान डबी, वर फोटो, आत सगळ्या गाणाऱ्यांची नावं. त्यासाठी चौदा जणींच्या सह्या हव्या होत्या. ज्या गेल्या, त्यांच्या घरच्यांच्या.

आम्ही चौदा जणी म्हणजे हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातल्या बायका. मी इस्त्रीच्या रोलरवर. एकतीस वर्षांपूर्वी आमच्या मुकादमबाईंना गाण्यांचं वेड लागलं, त्यांनी स्वतःच नाताळची सहा गाणी रचली आणि दुपारच्या सुट्टीत डबे संपवून आम्हाला शिकवली. एका डॉक्टरांकडे चांगला टेपरेकॉर्डर होता. कपडे वाळवायच्या खोलीत आवाज घुमतो म्हणून तिथे उभं करून त्यांनी आम्हाला टेप केलं. तेव्हापासून दर डिसेंबरात, रोज दुपारी चार वाजता, ती टेप सगळ्या मजल्यांवरच्या स्पीकरवर लागते.

आता नाताळच्या गाण्यांचे अल्बम काय कमी आहेत? मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टर घंटांचा एक अल्बम लावतात, तो ऐकून तापातलं पोरही उठून बसतं. कँटीनवाला कुठल्यातरी जाड आवाजाच्या गायकाचा लावतो. तो गायक थंडीबद्दल असं गातो की वाटावं, ब्लँकेटं विकायला निघालाय. ज्याचा त्याचा आवडता. पण चार वाजता सगळे आपापलं बंद करतात आणि आमचं ऐकतात. आमचं काही फार चांगलं आहे म्हणून नव्हे. नाताळच्या गाण्यांचं तसंच असतं. ती चांगली नसली तरी चालतं, ती तीच असावी लागतात.

आणि त्यात चौथं गाणं. त्यात पहिल्या कडव्यानंतर आम्ही सगळ्या नुसतं गुणगुणतो आणि मग दुसरं कडवं सुरू होतं, "उजेड आला दारी". टेपवर त्या गुणगुणण्यातून माझी ताई एकटीच बाहेर पडते. सगळ्यांच्या आधी. तीन शब्द एकटी गाते आणि मग आम्ही तेरा जणी धावतपळत तिला गाठतो. पुन्हा टेप करायला डॉक्टरांकडे वेळ नव्हता, त्यांचं ऑपरेशन खोळंबलं होतं. राहिलं ते राहिलं.

त्या दिवसापासून ताईचं नाव पडलं घाईताई. वॉर्डातल्या आया, सिस्टर, लिफ्टवाला, सगळे त्या जागेची वाट बघत असतात आणि ताईबरोबर मोठ्याने आधीच सुरू होतात. नवी आलेली एखादी सिस्टर नेमकी आमच्या तेरा जणींबरोबर सुरू झाली की बाकीचे तिला हसतात. औषधांच्या रांगेत कुणी पुढे घुसलं तरी विचारतात, "काय, घाईताई का?" मीसुद्धा हसत आले. सख्खी बहीण असून.

दोन वर्षांपूर्वी ताईच्या घशात गाठ निघाली. आमच्याच हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर, तिचं स्वरयंत्र काढलं. आता तिच्या गळ्याला श्वासाचं भोक आहे, त्यावर कापडी पट्टी, आणि हातात वही.

"काकू, ऐकून तर घ्या," साहेब म्हणाले आणि त्यांनी संगणकावर गाणं लावलं.

छान केलं होतं, खोटं कशाला बोलू. खरखर नाही, खोकला नाही. चौथं गाणं आलं. गुणगुणणं संपलं आणि चौदा जणी एकदम, शिस्तीत, "उजेड आला दारी". ताईला कापून काढलं होतं आणि त्या जागी दुसरीकडचा तुकडा जोडला होता. जोड कुठे ते ऐकूसुद्धा येईना.

माझं डोकं सणकलं. "साहेब, या पूर्ण टेपवर माझा आवाज कुठला ते मला सांगता येत नाही. आम्हा तेरा जणींतल्या कुणालाच स्वतःचा सांगता येत नाही. भाजीत मीठ कुठे आहे ते कोण दाखवणार? वेगळा ऐकू येतो तो एकट्या ताईचा, आणि तेवढ्याच तीन शब्दांत. तिसऱ्या मजल्यावर तिचा आवाज काढला तो जीव वाचवायला. तुम्ही कशाला काढताय?"

साहेब वरमले. मग हळूच फाइल उघडून त्यांनी एक कागद माझ्याकडे वळवला. "पण काकू, तुमच्या ताईंनीच सगळ्यात आधी सही केलीये."

सही ताईचीच होती. खाली तिने लिहिलं होतं, 'चूक काढल्याबद्दल आभार.'

"तिची असेल," मी म्हटलं. "माझी नाहीये." आणि उठले.

दुसऱ्या दिवशी मुकादमबाई काठी टेकत धुलाईखान्यात आल्या. अठ्ठ्याहत्तरीच्या बाई, निवृत्त होऊन युग लोटलं, तरी दारात उभ्या राहिल्या की अजून आमच्या चादरींच्या घड्या आपोआप सरळ होतात.

"सही का अडवलीस गं?"

"कारण मला अडवायचीय."

"अगं, मरायच्या आधी एकदा तरी ते गाणं सरळ ऐकू दे मला. एकतीस वर्षं लोक मला विचारतायत, बाई, तुम्ही हात नीट दाखवला नव्हता का? तुझी ताई तयार आहे. मग तू कोण टिकोजीराव लागून गेलीस?"

टेपवर गायलेल्या आणखी दोघी घडीच्या टेबलाशी होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. दोघी उशांचे अभ्रे मोजत राहिल्या. त्यांनाही नातवंडांना ऐकवायला सरळ गाणं हवं होतं, दोष कुणाला देणार? माझ्या बाजूने कुणी नव्हतं. नसेना का. एकटीने उभं राहायला काही जास्त जागा लागत नाही.

सुट्टीच्या दिवशी मी कॅसेट आणि टेपरेकॉर्डर पिशवीत घालून ताईकडे गेले. ती स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. मी काही बोलायच्या आत तिने वही ओढली आणि लिहिलं, 'सही कर.'

"करणार नाही. तुझा आवाज आहे तो, ताई. जगात तेवढाच उरलाय."

ती लिहीत गेली. मी उभ्याउभ्या वाचत गेले.

'आवाज नाही, फजिती आहे ती. तुला कुणी एकतीस वर्षं चुकीवरून पडलेल्या नावाने हाक मारलीये? लेकीच्या लग्नात व्याह्यांनी घाईताई म्हणून ओळख करून दिली. ऑपरेशनच्या दिवशी भूल देणारी बाई म्हणाली, घाईताई, आज अजिबात घाई नाही हं. मी हसून "नाही" म्हणाले. माझ्या तोंडून निघालेला तो शेवटचा शब्द. तोसुद्धा त्या चुकीपायी.'

मी खुर्ची ओढून बसले. हे तिने कधी सांगितलं नव्हतं, आणि मी कधी विचारलं नव्हतं. लाज वाटली मला, अगदी मनापासून. पण लाज वाटली म्हणून हट्ट सुटतो असं थोडंच आहे?

"मी हसले, ते माझं चुकलं," मी म्हटलं. "त्याबद्दल मला हवं ते बोल. लिही. पण एक सांग, तू ते गाणं शेवटचं कधी ऐकलंस?"

तिने मान फिरवली. मला माहीत होतं. चार वाजले की ताई धुलाईखान्यातून उठून मागच्या बॉयलरच्या खोलीत जायची, तिथे दुसरं काही ऐकू येत नाही. निवृत्तीपर्यंत तिने तेच केलं. म्हणजे स्वतःची चूक तिला फक्त लोकांच्या तोंडून माहीत होती.

मी खुर्ची उचलून दाराला लावली आणि तिच्यावर बसले. "ऐकल्याशिवाय उठायचं नाही. बाई रागावल्या, साहेब रागावले, आता तूही रागाव."

तिने शेंग फेकून मारली. मी टेप लावली.

पहिलं कडवं. गुणगुणणं. आणि मग स्वयंपाकघरात ताईचा आवाज आला. तीस वर्षांच्या बाईचा, भरलेला, जराही न कापणारा. उजेड आला दारी. मागून आम्ही.

ताईचे डोळे भरले नाहीत. मला वाटलं होतं भरतील. उलट कपाळाला आठी पडली, हिशेब न जुळणाऱ्या माणसासारखी. तिने बोट गोल फिरवलं, म्हणजे मागे घे.

मी टेप मागे घेतली. या वेळी तिने डोळे मिटले आणि मुठीने टेबलावर ठेका धरला. धब, धब, धब, धब. शेंगांची टोपली थरथरायला लागली. गुणगुणणं चालू होतं, ठेका चालू होता. मग तिची मूठ हवेतच थांबली, एक श्वासभर, आणि नेमक्या त्या थांबण्यात टेपमधली ताई गायली.

तो ठेका मी रोज आठ तास ऐकते. धुण्याच्या मोठ्या मशीनचा ड्रम तो. एका बाजूला फिरतो, क्षणभर थांबतो, मग उलटा फिरतो. आम्ही त्या मशीनशेजारीच तर गाणी शिकलो. ड्रम थांबला की दुसरं कडवं सुरू करायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं, होऊन गेलं होतं. आणि टेप करायच्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, आवाज नको, सगळी मशीनं बंद करा.

ताईने वही ओढली. पेन्सिलीचं टोक मोडलं, तिने उरलेल्या टोकाने लिहिलं.

'मशीन बंद होतं, म्हणून तुम्ही सगळ्या बाईंच्या हाताकडे बघत थांबलात. मी मनात मशीन चालू ठेवलं होतं. मी वेळेवर आले.'

मग तिने खाली आणखी एक ओळ लिहिली आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या. 'उशीर तुम्हाला झाला.'

ती हसत होती. ताई हसते तेव्हा आता आवाज होत नाही, गळ्याची पट्टी तेवढी फडफडते. त्या दिवशी बराच वेळ फडफडली.

सोमवारी ती स्वतः साहेबांकडे गेली. मी सोबत होते आणि बातमी लागल्यामुळे मुकादमबाईही काठी आपटत हजर होत्या. ताईने फाइलमधला आपला कागद मागून घेतला आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत सहीवर आडवी काट मारली. मग ठेका धरून दाखवला, टेप लावून, टेबलावर, साहेबांच्या पेल्यातली पेनं खुळखुळेपर्यंत.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" मुकादमबाई कडाडल्या. "म्हणजे तेरा जणी चुकल्या आणि ही एकटी बरोबर?"

ताईने शांतपणे मान हलवली. हो.

बाई काही बोलणार होत्या, पण त्यांचा काठीवरचा हात आपसूक ठेका धरायला लागला होता. त्यांनी हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"ठीक आहे," साहेब म्हणाले, "गाणं आहे तसंच ठेवू. पण ताई, ऐकणाऱ्याला तर ती चूकच वाटणार ना? त्याला कसं कळणार?"

ताईने कोरा कागद घेतला. डबीवर छापायचं म्हणून मोठ्या, ठसठशीत अक्षरात एकच वाक्य लिहिलं आणि साहेबांपुढे सरकवलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं.

"'चौथ्या गाण्यात तेरा जणींना उशीर झाला आहे.'"

साहेब डोकं खाजवत म्हणाले, "याला मात्र बाकीच्या सगळ्यांच्या सह्या लागतील, बाईंचीसुद्धा. कबूल करणार कोण?"

ताईने पेल्यातलं पेन काढलं आणि माझ्यापुढे धरलं. एकतीस वर्षं मी तिच्या मागून आले होते आणि तिलाच हसले होते. मी वाक्याच्या अगदी खाली, जवळ, माझं पूर्ण नाव लिहिलं आणि पेन मुकादमबाईंच्या हातात दिलं.