आत्याबाई नावाची रिकव्हरी गाडी

फौजेत ट्रक असतो, जीप असते, रणगाडा असतो आणि त्या रणगाड्याला पाठीवर घेऊन जाणारा लांबलचक ट्रेलरही असतो. प्रत्येकाचा आपापला रुबाब. आणि एक गाडी अशी असते की बाकीच्या चिखलात बसल्या तरच तिची आठवण होते. ती रिकव्हरी गाडी. पुढे जाडजूड नाक, मागे क्रेनचा दांडा आणि पोटात विंच, म्हणजे पोलादी दोराचं भलं मोठं रीळ. रुतलेल्या गाडीला दोराचा आकडा अडकवायचा आणि रीळ फिरवून तिला ओढून काढायचं. आमच्या डेपोतल्या या गाडीला सगळे आत्याबाई म्हणायचे. संकट आलं की बोलवायचं, मग ती वाटभर कुरकुरत येणार, आल्यावर सगळ्यांना बोल लावणार, आणि काम मात्र फत्ते करूनच परतणार.

मी आत्याबाईंचा ड्रायव्हर. एकदा तळ्याकाठी बुडालेला रणगाडा आम्ही असा ओढला की त्याच्याबरोबर तळंही हातभर पुढे सरकलं. रणगाड्याचं झाकण उघडलं तर आतून मासे निघाले, संध्याकाळी मेसमध्ये तेच शिजले. हे सांगितलं की आमची ही चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणते, "मागच्या वेळी एकच मासा होता." असेल. मासे वाढतात.

तिला बोलायचा अधिकार आहे, कारण डेपोचे हेड मेकॅनिक हे तिचे सख्खे मामा. सगळा डेपो त्यांना मामाच म्हणायचा. मी एकटा असा, की ज्याला तसं म्हणायचा कायदेशीर हक्क होता. मामेसासरा आणि वरिष्ठ एकाच माणसात मिळणं म्हणजे काय, ते भोगल्याशिवाय कळत नाही. इतरांना ते सरळ शिव्या द्यायचे. मला नात्यामुळे मान द्यावा लागे.

"जावईबापू," सगळ्यांसमोर हाक यायची, "आपण गाढव आहात काय? ग्रीस कुणी लावायचं? आपल्या सासूबाईंनी?"

आठवड्यातून एक दिवस आमच्याकडे कुठलीच गाडी फाटकाबाहेर जात नसे. तो गाड्यांच्या देखभालीचा दिवस. ट्रकच्या रांगा लागायच्या, प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या गाडीखाली. दिसायचे नुसते बूट. तेल बघा, पट्टे बघा, नट आवळा, हवा भरा. डिझेल, रबर आणि ओल्या रंगाचा मिळून एक वास यायचा. आजही एखाद्या गॅरेजवरून जाताना तो वास आला की माझे पाय आपोआप ताठ होतात. त्या दिवशी मामा साऱ्या गाड्यांवरून फिरायचे आणि शेवटी आत्याबाईंपाशी यायचे. बॉनेटवर हात ठेवून, इंजिन सुरू करून, डोळे मिटून ऐकत उभे राहायचे. आमची ही म्हणते, मामींचं बोलणं त्यांनी इतक्या लक्ष देऊन कधी ऐकलं नाही.

तर मामांच्या निवृत्तीचं वर्ष लागलं आणि त्याच वर्षी वरून हुकूम आला. नवी रिकव्हरी गाडी येणार. जुन्या गाड्यांची तपासणी करून ज्या ठेवण्यालायक नसतील त्या भंगारात काढायच्या. भंगार म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं. गॅसकटर लावून तुकडे. मामांनी दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

"आधी मी जाणार," ते म्हणाले. "मग तिचं काय करायचं ते करा. माझ्या डोळ्यांदेखत तिला कापायची नाही."

"मामा, वय झालंय तिचं."

"माझंही झालंय. मला कापता का?"

मग काय, सगळं वर्कशॉप कामाला लागलं. इंजिन उतरवून पुन्हा भरलं. विंचचा दोर उलगडून, पुसून, तेल पाजून पुन्हा गुंडाळला. इथवर ठीक होतं. पण कुणाच्या तरी डोक्यात आलं की साहेब लोक आधी बाहेरून बघतात. आमचा पेंटर तर वाटच बघत होता. त्याने आत्याबाईंना असा हिरवा रंग दिला की एक गाय कुंपण तोडून चरायला आली. आरशांना पॉलिश, टायरना काळा रंग, आकड्याला लाल. शेवटी मामा स्वतः रुमाल घेऊन दिव्यांच्या काचा पुसत होते. "आता कोण हिला भंगार म्हणतो बघू," असं म्हणताना त्यांची छाती वितभर फुगली होती. दोन वीत म्हणालो तर घरातून आवाज येईल.

तपासणीचे साहेब आले. बाकीच्या गाड्यांकडे बघत, नाक मुरडत, आत्याबाईंपाशी येऊन थांबले. एक चक्कर मारली, दुसरी मारली. आम्ही श्वास रोखून उभे.

"वा! इतकी देखणी गाडी तुम्ही चिखलात घालता?"

"जी साहेब," मामा खुशीत म्हणाले. "अजून घालू."

"छे, छे! हिला भंगारात टाकणं पाप आहे, आणि कामाला लावणं त्याहून मोठं. तुमच्या फाटकावर शोभेला काही नाही. चौथरा बांधा आणि हिला त्यावर ठेवा. चाकं सिमेंटमध्ये पक्की करा."

आम्ही नटवली होती कामाला ठेवावी म्हणून. तिला फोटोसारखं टांगायचं ठरलं. मामांच्या हातातला रुमाल तसाच राहिला. मला गाढवसुद्धा म्हणाले नाहीत, तेव्हा मी खरा घाबरलो.

चौथरा उभा राहिला. आत्याबाईंना शेवटचं मीच चालवत वर नेलं, तोंड डेपोच्या अंगणाकडे करून उभं केलं. गवंड्यांनी चाकं निम्म्यापर्यंत सिमेंटमध्ये घेतली. शोभेच्या गाडीचं इंजिन काढून टाकायचं असतं. मामा आमच्या साहेबांकडे गेले. हे साहेब वयाने तरुण, बोलायला शांत.

"साहेब, इंजिन काढलं की नाक हलकं होतं. गाडी चौथऱ्यावर डुगडुगते."

सिमेंटमध्ये गाडलेली गाडी डुगडुगते! साहेबांनी मामांकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "इंजिन राहू द्या. पण टाकीत थेंब नको."

"थेंब नको, साहेब," मामांनी सलाम ठोकला.

त्यानंतर देखभालीच्या दिवशी मामा सगळ्या गाड्या बघून झाल्यावर फाटकाकडे चालत जायचे आणि बॉनेट पुसून परत यायचे. मला गाढव म्हणणंही बंदच होतं. त्यांना निवृत्त व्हायचं होतं ते चालत्या गाडीला निरोप देऊन, पुतळ्याला नव्हे.

मग एक दिवस फाटकातल्या रस्त्याखालचा पाण्याचा नळ फुटला. तो खणून दुरुस्त केला, माती लोटली आणि वरून रोलर फिरवायचं सगळ्यांनी एकमेकांवर सोपवलं. त्याच दुपारी रणगाडा घेतलेला ट्रेलर सरावाहून परत आला आणि बरोबर तिथेच मागच्या चाकांवर बसला. फाटक बंद. बाहेर गाड्यांची रांग, आत गाड्यांची रांग. नवी रिकव्हरी गाडी धावत आली. गाडी उत्तम होती, ताकदही होती. पण सगळी जमीनच लोण्यासारखी. ओढायला लागली की तीच घसरायची. थोड्या वेळाने तीही एका अंगावर कलली.

साहेब फाटकाशी उभे होते. त्यांनी ट्रेलरकडे पाहिलं, मग चौथऱ्याकडे पाहिलं. सिमेंटमध्ये घट्ट रोवलेली गाडी. ती कशी घसरणार?

"मामा, टाकीत थेंब आहे का?"

"आपला हुकूम होता साहेब. थेंब नको."

"ते मला माहीत आहे. आहे का?"

मामांनी घसा साफ केला. "थेंब नाही, साहेब. अर्धी टाकी आहे."

मी तोवर चढलोही होतो. बॅटरी कुठून आली ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. आत्याबाईंनी आधी खोकून घेतलं, काळ्या धुराचा लोट सोडला, सगळ्यांना बोल लावले आणि सुरू झाल्या. आकडा अडकवला. रीळ फिरायला लागलं, दोर ताठ झाला, सतारीसारखा वाजला. मामा खाली उभे राहून हाताने खुणा करत होते: हळू, हळू, आता घे. ट्रेलर डुलला, हुंदका दिल्यासारखा आवाज झाला आणि रणगाड्यासकट वर आला. माझ्या मते त्या दिवशी चौथराही वितभर पुढे आला. घरचं मत वेगळं आहे. ती म्हणते, फक्त पहारेकऱ्याची कुंडी पडली.

साहेबांनी वर कळवलं की शोभेच्या गाडीची देखभाल आवश्यक आहे. एवढंच कळवलं. आत्याबाई पुन्हा आठवड्याच्या रांगेत आल्या, फरक इतकाच की रांगच त्यांच्याकडे जायची. आणि मला पुन्हा गाढवपण बहाल झालं.

मामांचा शेवटचा दिवस आला. आमच्याकडे मोठे साहेब निवृत्त झाले की त्यांना जीपमध्ये बसवून, दोर लावून जवान हाताने ओढत फाटकापर्यंत नेतात. मेकॅनिकला तो मान नसतो. मामा हातात डबा घेऊन पायीच निघाले होते. साहेबांनी त्यांना थांबवलं आणि जीपमध्ये बसायला सांगितलं.

"साहेब, पोरांना कशाला ताप?"

"पोरं नाहीत ओढणार," साहेब म्हणाले.

अंगणाच्या पार टोकापर्यंत पोलादी दोर पसरलेला होता. लाल आकडा जीपला लावलेला. दोराच्या दुसऱ्या टोकाला, चौथऱ्यावर, आत्याबाई धडधडत होत्या आणि त्यांच्या विंचच्या दांड्यावर माझा हात.

मी इतकं हळू ओढलं, इतकं हळू, की जीपच्या चाकापुढे एक मुंगी होती ती आपलं ओझं घेऊन आरामात पलीकडे गेली. दोन्ही बाजूंना सगळं वर्कशॉप उभं. हात तेलकट, म्हणून डोळे बाहीने पुसत होते. मामा जीपमध्ये ताठ बसून समोर बघत होते, आणि मधेच ओरडले, "जावईबापू, गिअर बदला! घरी मामी वाट बघते आहे!"

मी गिअर बदलला नाही.

शेवटी जीप चौथऱ्यापाशी आलीच. मामा उतरले. आकडा काढायला पोरं धावली, त्यांना हाताने बाजूला सारून त्यांनी तो स्वतः काढला. दोरावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि वर माझ्याकडे पाहिलं.

"कोरडा आहे. उद्या ग्रीस लावा."

"लावतो, मामा."

"उद्या म्हणजे उद्याच."

मग त्यांनी डबा उचलला, बॉनेटवर एक थाप मारली आणि फाटकाबाहेर पडले. मी इंजिन लगेच बंद केलं नाही. ते वळणापलीकडे जाईपर्यंत तो आवाज त्यांना ऐकू जात असणार.