सर्वांत मागची मोटारसायकल

लिंबू लहान होतं, हिरवं, इथल्या दुकानातलं तेलकट चकाकीचं — घरंगळत येऊन ते तिच्या कॅनव्हासच्या बुटाला टेकलं होतं आणि तिथंच थांबलं होतं, जणू आता पुढचं तिनं ठरवायचं. पार्किंगमध्ये नऊ मोटारसायकली ओळीनं उभ्या होत्या. शंतनूनं प्रत्येकीच्या पुढच्या चाकाखाली एकेक लिंबू ठेवत आणलं होतं, आणि नवव्या गाडीपाशी येऊन तो अडखळला होता.

"सॉरी यार, भूषण. तुमच्यात चालत नाही ना?"

"चालत नाही असं नाही, लागत नाही," बुद्धभूषण हेल्मेटचा पट्टा ओढत म्हणाला. "टाक इकडं. दुपारी सरबत करू."

सगळे हसले. शंतनूनं लिंबू फेकलं, भूषणच्या जाड हातमोज्यातून ते निसटलं, आणि घरंगळत त्याच्या आईपाशी, कांतापाशी आलं. मग सगळे आपापल्या गाड्यांकडे वळले. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

वडिलांनी घरातले देव वैनगंगेत सोडले तेव्हा ती सहा वर्षांची होती. पितळी टाक बुडताना एकदाच चमकले होते, आणि घाटावरून परत येताना वडील म्हणाले होते, आता भ्यायचं नाही, कांते. त्यानंतर घरात ना नवस, ना अंगारा, ना दाराला लिंबू-मिरची. अडुसष्ट वर्षं. आणि आज, मिशिगनमधल्या या पेट्रोल पंपाच्या आवारात, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तिनं बुटाच्या टोकानं ते लिंबू हळूच ढकललं… लेकाच्या चाकापुढं.

कुणी पाहिलं नाही. पण भूषणनं गाडी आधी मागे घेतली, मग वळवली, आणि सगळ्यांच्या शेवटी रस्त्याला लागला. आठ लिंबं चिरडली गेली. नववं तसंच राहिलं. अख्खं.

मूर्ख बाई, ती स्वतःला म्हणाली. वडिलांची लाज वाटली. पण लाजेच्या खाली पोटात जे गार पडलं होतं ते गारच राहिलं.

मागची मोटार उपासना चालवत होती. पाणी, पोळ्यांचे डबे, पंक्चरचं सामान आणि सासू — एवढं त्या मोटारीत होतं. ॲन आर्बर मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना मक्याची वाळलेली शेतं आली, मधूनच लालभडक झालेलं एखादं झाड आलं, आणि सगळा वेळ समोरच्या काचेच्या बरोबर मधोमध भूषणची पाठ. नारिंगी जाकीट. डोळे मिटले तरी ती पाठ दिसायची, म्हणून ती मिटत नव्हती.

"तो मुद्दाम मागे राहतो का गं?"

"त्याचं कामच ते, आई. सगळ्यात शेवटी चालतो त्याला स्वीप म्हणतात. कुणी मागे पडलं, कुणाची गाडी बंद पडली, तर तो थांबतो."

"आणि तोच पडला तर?"

उपासनानं आरशात पाहिलं, मग समोर. "आपण आहोत ना," ती म्हणाली. हसली मात्र नाही.

मंगळवारी आपण नव्हतो. मी एकटी होते.

मंगळवारी सकाळी उपासना कामावर गेली होती, भूषण घरूनच काम करणार होता, आणि सिंकपाशी उभा राहून पाणी पिता पिता तो तिच्याशी बोलत होता — काय बरं बोलत होता? हेच पूल, दीडशे वर्षांपूर्वीचे, लाकडाचे, वर छप्पर घातलेले — आणि वाक्याच्या मध्येच त्याची नजर तिच्यावरून सरकून तिच्या मागच्या भिंतीवर गेली, पेला हातातून सुटला, आणि सैल सोडलेल्या पोत्यासारखा तो खाली बसत गेला. किती वेळ? तिनं मोजला नाही. शेगडीवरचं दूध उतू गेलं, जळालं, त्याचा वास घरभर झाला, तेवढा वेळ. पंचेचाळीस वर्षांच्या लेकाचं डोकं मांडीवर घेऊन ती त्याला हाक मारत होती, बुद्धा, बुद्धा, आणि हे नाव तो पाळण्यात असतानाचं होतं, नंतर कधी वापरलेलं नव्हतं.

डोळे उघडल्यावर आधी तो हसला. मग त्यानं ओला शर्ट बदलला, काचा गोळा केल्या, आणि म्हणाला, "आई, उपासनाला नको सांगू. इथं असं काही कळलं ना, की पहिलं ड्रायव्हिंग बंद करतात. तीन वर्षं ही राइड प्लॅन करतोय. शनिवार होऊ दे, मग मी स्वतः डॉक्टरकडे जातो. प्रॉमिस."

मग तो फरशी पुसत, तिच्याकडे न पाहता म्हणाला, "बाबांचं केलंस तसं माझं करू नकोस."

आणि ती म्हणाली होती, "बरं."

पहिला पूल लहान होता. तांबड्या फळ्यांचं एखादं धान्याचं कोठार उचलून ओढ्यावर आडवं ठेवावं तसा. आत गेल्यावर जुन्या लाकडाचा कोरडा वास, तुळयांवर पाखरांची घरटी, फटींतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्या. मंडळी फोटो काढत होती. शंतनू तिचा हात धरून तिला कठड्यापाशी घेऊन गेला.

"काकू, हे छप्पर माणसांसाठी नाही बरं का. खालच्या लाकडासाठी. पावसापासून झाकलं, म्हणून टिकलं. नाहीतर वीस वर्षांत कुजून जातं."

"माणसाचं उलटं असतं," ती म्हणाली.

"काकू, तुम्ही डेंजर आहात," शंतनू हसून म्हणाला, आणि दुसऱ्या फोटोकडे पळाला.

भूषण पलीकडच्या तोंडाशी उभा होता, एक हात हँडलवर, एक कमरेवर. चेहरा उजळलेला. "आई, बाबांना किती आवडलं असतं ना हे!" तो ओरडला, आणि आतल्या आत त्या ओरडण्याचा प्रतिध्वनी झाला.

बाबा असेच उभे राहायचे. भंडारा डेपोत, एसटीच्या दारापाशी, खाकीत. ईश्वर ड्रायव्हर म्हणून सगळ्या रस्त्याला ओळख. भूषण पाच वर्षांचा होता त्या उन्हाळ्यात जेवताना त्यांचा हात भाकरीसकट तोंडाच्या वाटेत थांबला. डोळे उघडे, पण माणूस नाही. मग पुन्हा सुरू, जणू काहीच झालं नाही. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर लोकांची तपासणी होती, आणि ती डोक्यावरून पदर घेऊन, त्यांना न सांगता, डॉक्टरापुढं जाऊन उभी राहिली. भरलेल्या गाडीत पन्नास माणसं असतात, साहेब, एवढंच म्हणाली.

स्टिअरिंग सुटलं. त्यांना चौकशीच्या खिडकीत बसवलं, हातात माइक दिला. "कुणी सांगितलं?" त्यांनी घरी येऊन विचारलं. "मी," ती म्हणाली. तो त्यांचा तिला विचारलेला शेवटचा प्रश्न. त्यानंतर बावीस वर्षं, मरेपर्यंत, भूषण, आईला सांग मीठ कमी आहे. भूषण, आईला विचार माझा सदरा कुठाय. त्यांचं घर स्टँडच्या मागेच होतं, त्यामुळं नवऱ्याचा आवाज तिला दिवसभर ऐकू यायचा — भोंग्यातून. भंडारा-पवनी फलाट तीनवर लागत आहे. भंडारा-तुमसर निघण्याच्या तयारीत आहे. दुसऱ्यांच्या गाड्या.

आणि अपघात? तो झालाच नाही. झाला असता का, ते कोण सांगणार? न झालेल्या अपघाताला साक्षीदार नसतो. शिक्षा मात्र झालेली सगळ्यांना दिसते.

दुसरा पूल लांब होता. खाली नदी रुंद आणि काळपट. पुलाच्या कपाळावर जुनी पाटी होती, चालण्याच्या वेगापेक्षा जोरात गेल्यास दंड. एका वेळी एकच गाडी जाईल एवढी वाट. उपासनानं मोटार अलीकडे कडेला लावली, इंजिन बंद केलं.

एकेक मोटारसायकल त्या काळ्या चौकोनात शिरत होती. उन्हातून एकदम अंधारात जाताना आत काही दिसत नसेल, तिच्या मनात आलं, डोळ्यांना क्षणभर काहीच दिसत नसेल… आत गेलं की फळ्या धडधडायच्या, धडधड लांब जायची, आणि मग पलीकडच्या उजेडात एक ठिपका बाहेर पडायचा. सात. आठ. मग नारिंगी जाकीट. त्यानं मान वळवून हात केला, आणि आत गेला.

फळ्या वाजल्या. वाजत राहिल्या. आणि थांबल्या. इंजिनाचा आवाजही थांबला.

पलीकडे ठिपका निघाला नाही. पाणी वाहत होतं. झाडाचं एक पान काचेवर येऊन बसलं. तिच्या कानात दूध उतू जात होतं, आणि जे चार दिवस दातांच्या मागे धरून ठेवलं होतं ते तिनं ठरवायच्या आत बाहेर पडलं.

"उपासना, मंगळवारी भूषण पडला होता. किचनमध्ये. शुद्ध गेली होती त्याची."

उपासनाचे हात स्टिअरिंगवरच होते.

"मंगळवारीपण?" ती म्हणाली.

तो 'पण' मोटारीत तसाच राहिला. मग उपासना घाईघाईनं पट्टा सोडत बोलायला लागली, आवाज फुटलेला, "ऑगस्टमध्ये, आई, गराजमध्ये. तुम्ही यायच्या आधी. मला म्हणाला आईला नको सांगू, ती घाबरेल, राइड झाली की दाखवतो… मी रोज त्याच्याकडे बघत बसते, रात्री श्वास बघते…" आणि दार उघडून ती धावली.

कांता तिच्या मागे निघाली. आत अंधार होता, खरंच काही दिसत नव्हतं, पायाखालच्या फळ्या हलत होत्या आणि फटींतून खालचं पाणी सरकताना दिसत होतं. मग मधोमध एक वाकलेली आकृती, तुळईला टेकलेली… वाकून काही वाचतोय की आधार घेतोय?

"आई, सावकाश! फळ्या लूज आहेत," तो म्हणाला. त्याचाच आवाज. "बघ इथं काय कोरलंय, अठराशे… अरे, दोघी का पळताय?"

उपासना थांबली. कांता थांबली. त्यानं बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग आईच्या, मग पुन्हा बायकोच्या, आणि ओठांवरचं हसू अर्ध्यावर राहिलं. त्याला कळलं होतं. जबडा आवळला गेला. हा जबडा तिनं चाळीस वर्षांपूर्वी पाहिला होता.

"तू बोललीस," तो म्हणाला.

"मी," ती म्हणाली.

त्यानं नजर तुळईकडे वळवली. हातातलं हेल्मेट फक्त फिरवत राहिला. उपासना हलक्या आवाजात किल्ली मागत होती, आणि तो देत नव्हता, नाहीही म्हणत नव्हता, आणि पलीकडून शंतनू हाका मारत होता, काय झालं रे?

तिची भीती गेली नव्हती. पण पोटातून उठून ती दुसरीकडे जाऊन बसली होती. तो पडेल, ही भीती तिला नवी होती. तो बोलणार नाही, ही तिच्या घरातली होती, हिच्याशी तिनं संसार केला होता. आणि बावीस वर्षं तो माणूस माझ्याशी बोलला नाही, हे तिनं मनाशी इतक्यांदा म्हटलं होतं, की त्याच वाक्याचा पहिला भाग तिला कधी ऐकूच आला नव्हता. बावीस वर्षं. तेवढी वर्षं तो माणूस होता. रोज दाढी करत होता, पानात वाढलेलं संपवत होता, भोंग्यातून गावांची नावं घेत होता, आणि ती खिडकीत तांदूळ निवडत ऐकत होती.

न बोलू दे, तिनं लेकाच्या बंद तोंडाकडे पाहत मनात म्हटलं. मला येतं ते. आणि लगेच दुसरा विचार आला, गार, अंगावर काटा आणणारा, की चौऱ्याहत्तराव्या वर्षी हातात बावीस वर्षं कुठून असणार.