काकांनी केलेलं कौतुक

विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला वीस तास काम करता येतं. सुट्टीत पूर्ण वेळ. कॉलेजच्या आत केलं काय नि बाहेर केलं काय, तास तेवढेच. स्वतःचा धंदा काढायचा नाही. शेवटच्या वर्षी अभ्यासाशी संबंधित प्रशिक्षण मिळालं तर त्याची परवानगी वेगळी, ते तास या विसात धरत नाहीत. एवढं मला आल्या आल्या पाठ झालं होतं. माझे वीस तास कॉलेजच्या ग्रंथालयात जायचे. परत आलेली पुस्तकं ढकलगाडीवर रचायची, नंबर बघून फळीवर लावायची. काम सोपं. बसायला मिळत नाही एवढंच.

काकांच्या लाँड्रीत मी जे करायचे ते काम नव्हतं. तो हातभार होता.

काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. इथे येऊन त्यांना बावीस वर्षं झाली. तीन हॉटेलांच्या चादरी, टॉवेल नि उशांचे अभ्रे त्यांच्याकडे धुवायला येतात, शिवाय गल्लीतल्या लोकांचे कोट नि पडदे. दुकानाच्या मागे एक खोली आहे. आधी तिथे साबणाची पिंपं होती, मग मी. खोलीची एक भिंत ड्रायरला लागून, म्हणून ती कायम कोमट. थंडीत बरं वाटायचं. भाडं नव्हतं. घरी आई येईल त्याला सांगायची, ‘काकांनी पोरीला पदरात घेतलंय.’

पदरात घेतलेल्या पोरीचा दिवस असा : सकाळी कॉलेज, मग ग्रंथालय, संध्याकाळी पाचला आले की बॅग कॉटवर टाकायची आणि काका हाक मारायचे, “पोरी, जरा हात लाव गं.” ते ‘जरा’ नऊ वाजता संपायचं. हॉटेलच्या चादरीची घडी एकट्याने होत नाही, दोघं लागतात. एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला मी. कोपरे जुळवायचे, झटका द्यायचा, पुढे चालत जायचं, कडा त्यांच्या हातात द्यायची, पुन्हा मागे. शनिवार-रविवारी हेच सकाळपासून. बोटांतलं सगळं तेल त्या कापडात जातं. नखांच्या कडेला चिरा पडतात, मग प्रयोगशाळेत आम्ल हाताळताना देव आठवतो.

काकू गल्ल्यावर बसायच्या. बसल्या बसल्या टोमणा. “एवढं रसायनशास्त्र शिकतेस, आणि कोपऱ्याला कोपरा लागेना?”

“काकू, ते पुस्तकात नाहीये.”

“म्हणूनच इथे शिकून घे. सासरी उपयोगी पडेल.”

दीड वर्ष हे चाललं आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही, हे मी लपवत नाही. आपल्या माणसांत काम मोजत नाहीत हे मला लहानपणापासून शिकवलेलं. शिकवणारे नेहमी काम करून घेणाऱ्या बाजूचे असतात, हे मात्र कुणी शिकवलं नाही.

शेवटच्या सत्राच्या आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीने सभा घेतली. तिथल्या बाईंना आम्ही परवानगीबाई म्हणायचो. गोड बोलत नाहीत, पण विचारलं ते सांगतात. मागच्या बाकावरचा एक लंबू उठला. म्हणाला, “मामाच्या दुकानात फुकट बसलं तर चालतं का?”

“बसा की,” बाई म्हणाल्या. “उठून गिऱ्हाईकाला सामान दिलंत की ते काम. तुम्ही नसतात तर मामाला दुसरा माणूस पगारावर ठेवावा लागला असता का? असता ना? मग ते काम. पैसे घ्या, नाहीतर घेऊ नका.”

सगळे हसले. लंबूसुद्धा हसला. मी बोटं मोजत होते. पाच दिवस चार-चार तास, वीस. शनिवार-रविवार दहा-दहा, पुन्हा वीस. ग्रंथालयाचे वीस वेगळे. साठ झाले.

त्या संध्याकाळी चादरीचं टोक हातात असतानाच मी काकांना सांगितलं. हे कामात धरतात, माझा व्हिसा जाईल, माझ्याऐवजी माणूस ठेवा. मी खोलीचं भाडं देईन.

काकांनी चादर खाली ठेवली नाही, पण चेहरा उतरला. “भाडं? तुझ्याकडून? तुझ्या बापाला काय तोंड दाखवू?” मग म्हणाले, “सरकारला काय कळतं गं घरातलं? कुणी विचारलं तर सांगायचं, काकाची पुतणी आहे.”

“तेच तर ते धरतात, काका.”

“धर, कोपरा धर. चुरगळतंय.”

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. “दोन चादरींच्या घड्या घातल्या तर हात झिजतात का तुझे?”

“आई, दोन नाहीत. दोनशे असतात.”

“असू देत. परक्या मुलखात कोण कुणाला विचारतं? आणि ऐक, काका म्हणत होते, पुढच्या वर्षी धाकटीलाही पाठवा. खोली आहेच. एकीला दुसरीची सोबत.”

“माझं तर शिक्षण संपेल.”

“मग तुझी जागा रिकामीच की.”

आई भाबडेपणाने बोलली. ती खोलीबद्दल बोलत होती. मला चादरीचं दुसरं टोक दिसलं.

तरी मी काय केलं? घड्या घातल्या. बाहेर एका कॉटचं भाडं ग्रंथालयाच्या पगारात बसत नव्हतं आणि मला परीक्षा द्यायची होती. शूर माणसाच्या डोक्यावर आधी छप्पर लागतं.

मग पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेने मला निवडलं. सहा महिन्यांचं प्रशिक्षण, आणि चांगलं काम केलं तर पुढे नोकरी. दोनशे अर्जांतून दोघंजण. फक्त परवानगीबाईंचं पत्र हवं होतं. ते मिळालं की सगळं मिळालं, नाही मिळालं तर प्रयोगशाळा पुढच्या नावाला फोन करणार. मी अर्ज भरला. राहण्याच्या पत्त्याखाली घरमालक म्हणून काकांचं नाव नि नंबर लिहिला. पत्ता खरा आहे की नाही हे विचारायला कचेरीतून फोन जातो, एवढंच.

गुरुवारी दुकानात शिरले तर काका फुलून आलेले. “तुझ्या कॉलेजातून फोन होता. बाई होत्या. मी असं कौतुक केलंय तुझं, असं कौतुक केलंय!”

“काय सांगितलंत?”

“म्हटलं, अहो, मुलगी म्हणजे सोनं आहे. रोज संध्याकाळी चार तास दुकानात माझ्याबरोबर उभी, शनिवार-रविवार दिवसभर. दीड वर्षात एक दिवस नाही म्हणाली नाही, आणि एक पै मागितली नाही. आजकालच्या मुली बघता ना तुम्ही, म्हटलं.”

आमच्याकडे मुलीची चौकशी करायला परक्या घरून फोन आला की हेच सांगायचं असतं. मुलगी कामसू आहे, तोंडातून शब्द काढत नाही, काही मागत नाही. काकांनी दुसरं कधी ऐकलं नाही, दुसरं कधी बोलले नाहीत. पत्ता विचारायला केलेला फोन त्यांनी स्थळाचा करून टाकला.

काकूंना मात्र माझ्या तोंडाकडे बघून कळलं. “अहो, एवढं कशाला बोलायचं होतं?” त्या पुटपुटल्या.

“खोटं बोललो का?” काका म्हणाले.

शुक्रवारी मला बोलावणं आलं. परवानगीबाईंच्या टेबलावर माझा अर्ज होता आणि त्यावर पेन्सिलने चार ओळी. त्यांनी दार लावून घेतलं.

“काल तुझ्या काकांशी बोलले.”

“त्यांनी सांगितलं मला.”

“मोठी माणसं घरच्या मुलांबद्दल वाढवून बोलतात. माझी सासूही बोलते.” त्यांनी पेन्सिल उचलली, मागचं रबर कागदाकडे वळवलं. “वाढवून बोलले असतील तर तसं सांग. मी हे खोडते, पत्र सोमवारी तयार. पण तू जे सांगशील त्याच्याखाली तुझी सही घेणार. सही केलेलं पुढे खोटं निघालं तर शिक्षणही जाईल.”

“आणि वाढवून बोलले नसतील तर?”

“तर मला ते वर पाठवावं लागेल. पत्र थांबेल. तू स्वतःहून सांगितलंस असा शेरा मी मारीन. बाकी निकाल माझ्या हातात नाही.”

बाई वाईट नव्हत्या. वाट काढून देत होत्या. ‘काका वाढवून बोलतात’ हे तीन शब्द बोलले की प्रयोगशाळा माझी. काकांनाही काही झालं नसतं. आई खूश, बाबा खूश. पुढच्या वर्षी धाकटी बॅग घेऊन आली असती, कोमट भिंतीला पाठ लावून बसली असती आणि पाच वाजता तिला कुणी म्हणालं असतं, पोरी, जरा हात लाव. तिने नाही म्हटलं असतं तर माझंच उदाहरण दिलं असतं. तुझ्या ताईने केलं की.

“खोडू नका,” मी म्हटलं. “त्यांनी वाढवून नाही सांगितलं. कमीच सांगितलं. शनिवार-रविवारचे दहा-दहा तास होतात.”

“विचार करून बोलतेयस?”

“दीड वर्ष विचारच नव्हता केला.”

त्यांनी पेन्सिल ठेवली आणि पेन घेतलं. मी तारखांसकट सांगितलं, त्यांनी लिहिलं, मी सही केली. सही वाकडी आली.

अकरा दिवसांनी निकाल आला. शिक्षण पूर्ण करता येईल. लेखी ताकीद. या सत्रात प्रशिक्षण नाही, ग्रंथालयातलं कामही बंद. हे सत्र संपल्यावर प्रशिक्षणासाठी नव्याने अर्ज करता येईल, मिळेलच असं नाही. प्रयोगशाळेने दुसऱ्या दिवशी पुढच्या नावाला फोन केला. ते नाव लंबूचं होतं. त्याला माझ्याकडे बघवेना, आणि मलाही त्याचं अभिनंदन करणं जमलं नाही.

काकांना वेगळं पत्र गेलं : दुकानात कोण कोण काम करतं, कधीपासून, खुलासा करा. ते पत्र त्यांनी मला वाचायला दिलं, कारण सरकारी भाषेतली सगळी पत्रं मीच वाचून दाखवायचे. मी वाचून दाखवलं.

“काय सांगितलंस तू त्यांना?”

“तुम्ही सांगितलंत तेच. खोटं बोलले का?”

काका स्टुलावर बसले. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले नाहीत. “पोटच्या पोरीसारखं ठेवलं तुला,” एवढंच म्हणाले. आणि ते खरं होतं. पोटची पोरगी असती तर तिच्याकडूनही असंच करून घेतलं असतं. राग आला होता तो एकट्या काकांचा नव्हता, म्हणून तो एकट्या काकांवर काढता येईना.

वर्गातल्या तिघीजणींनी त्यांच्या खोलीत गादी टाकायला जागा दिली. सुट्टी लागेपर्यंत पैसे नाहीत, तेव्हा स्वयंपाक माझ्याकडे असं मी म्हटलं. त्यातली एक लगेच म्हणाली, “नको बाई, तू काम केलंस की पत्रं येतात.” पाळ्या लावल्या. माझी मंगळवार आणि शनिवार.

आई पंधरा दिवस बोलली नाही. मग धाकटीने लपून फोन केला.

“ताई, सगळे म्हणतात तू काकांचं वाटोळं केलंस.”

“म्हणू देत.”

“मग माझं येणं रद्द का?”

“तुला यायचंय का?”

“यायचंय.”

“तर अर्ज भर. राहायला काकांचा पत्ता टाकायचा नाही. वसतिगृहाची यादी पाठवते, आजच रात्री बसून भर.”

“आई विचारेल, घरचं माणूस असताना वसतिगृह कशाला?”

“फोन दे तिला,” मी म्हटलं.