अंबाजीचा जबाब

संदेशने लाथ मारली आणि अंबाजी खुर्चीसकट कोसळला. भुवई फरशीवर फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. तरी संदेशने गुडघा टेकवून त्याची मान दाबून धरली. "बोल, माल कुठंय?"

"सांगतो साब. मीच नेला," अंबाजी म्हणाला.

माल नव्हताच. तारनाक्याजवळच्या एका सभागृहात पोलिसांचं प्रशिक्षण चाललं होतं. दोन देशांच्या करारानुसार नॉर्वेहून एक महिला तपास अधिकारी आल्या होत्या. न मारता चौकशी कशी करायची, ते शिकवत होत्या. सरावासाठी हेड कॉन्स्टेबल अंबाजीला त्यांनी संशयित बनवलं होतं आणि तरुण सब-इन्स्पेक्टर संदेशला प्रश्न विचारायला बसवलं होतं. हात लावायचा नाही, एवढीच अट. वीस मिनिटं अंबाजी 'नै मालूम' म्हणत राहिला आणि संदेशचा तोल गेला.

बाईंनी धावत येऊन त्याला ओढून काढलं. संदेश माफी मागू लागला. अंबाजीला त्याच्यावर रागावताही येईना. मान कशी धरायची, हे पोरगं अंबाजीकडूनच शिकलं होतं.

न केलेली चोरी कबूल का केली, असं बाईंनी दुभाष्यामार्फत विचारलं. मार थांबावा म्हणून, तो म्हणाला. मग त्याने एक नाव सांगितलं. एकनाथराव, गौलीगुड्यातले शिंपी. नऊ वर्षांपूर्वी दागिन्यांच्या चोरीत त्याने दोन दिवस त्यांच्या तळपायांवर लाठी चालवली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी कबूल केलं. त्यांच्या दुकानात सापडलेली बांगडी अंबाजीनेच तिथे ठेवली होती. एकनाथराव चार वर्षं तुरुंगात राहिले आणि लंगडत बाहेर आले.

त्याच्या ठाण्याच्या इन्स्पेक्टरने त्याला बाजूला घेतलं. निवृत्तीला आठ महिने राहिलेत, पेन्शन जाईल, स्वतःच आत जाल, असं समजावलं. अंबाजीने सगळं ऐकून घेतलं आणि जबाब लिहायला कागद मागितला.

दुसऱ्या दिवशी जबाब कोर्टात देऊन, एक प्रत घेऊन तो गौलीगुड्याला गेला. एकनाथराव मशीनवर वाकले होते. त्याला पाहताच ते मागे सरकले, तसं स्टूल उलटलं आणि ते भिंतीवर आदळून खाली बसले. तिथूनच त्यांनी हात जोडले.

"साहेब, मी कबूल केलं होतं ना."

अंबाजी दारातच जमिनीवर बसला आणि हातातला जबाब पहिल्या ओळीपासून वाचू लागला. लाठीचं वाक्य आलं, तसे एकनाथरावांनी दोन्ही तळपाय लुंगीखाली ओढून घेतले.