निळ्या टोकाला थांबलेली चकती

भंगाराच्या डब्यात पडलेली मी एक जुनी चकती, मित्रांनो. माझ्या पाटीच्या एका टोकाला निळा ठिपका आहे, दुसऱ्या टोकाला लाल, आणि मला फिरवलं की मधला पांढरा काटा या दोघांमध्ये ये-जा करतो. तुम्ही कधी मोठ्या प्रवासी जहाजाच्या खोलीत राहिलात, तर भिंतीवर माझी एखादी बहीण तुम्हांला दिसली असेल. काटा लाल टोकाला नेला की खोली उबदार होते आणि निळ्या टोकाला नेला की गार, असा लोकांचा समज असतो.

माझा जन्म कारखान्यातला. तिथली तपासनीस बाई प्रत्येक चकती कानाशी धरून दोन्ही टोकांना फिरवायची. नीट 'टिक' वाजलं की पास. मी पहिल्याच फेरीत पास झाले आणि ताठ मानेनं जहाजावर चढले. तिथे गेल्यावर कळलं की आपल्याला मान मोठा आहे, पण अधिकार बेताचा. खोल्या किती गार ठेवायच्या ते सगळं जहाजाच्या तळाशी यंत्रांपाशी बसलेले मोठे इंजिनिअर ठरवायचे. समुद्रावरच्या दमट हवेत गादीचादरींना बुरशी धरू नये, म्हणून ते सगळ्या खोल्या चांगल्याच गार ठेवत. माझ्या हाती उरत फक्त एक-दोन अंश. मोठ्या घरातल्या आजेसासूबाईंसारखी माझी गत. विचारतात सगळे, ऐकत कुणी नाही.

तरी माणसं मला फिरवायचीच. एक जोडपं तर असं होतं की नवरा आंघोळीला गेला की बायको मला लाल करी आणि बायको गेली की नवरा निळं. आठवडाभर भांडले, आणि खोली होती तशीच राहिली. दुसरे एक गृहस्थ मला पूर्ण निळ्यावर नेऊन वर दोन दुलया घेऊन झोपत. माणसाला ऊब हवी असते की हट्ट, याचा हिशेब मला आजवर लागलेला नाही.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. आमच्या खोलीला समुद्राकडे एक सज्जा होता. सज्जाच्या जड, आपोआप लोटल्या जाणाऱ्या दाराच्या चौकटीत एक छोटा खटका होता. दार पक्कं लागलं तरच छतातल्या जाळीतून गार हवा यायची. दार बोटभर जरी उघडं राहिलं, तरी गार हवा आपोआप बंद व्हायची, उगाच वाया जाऊ नये म्हणून. मग बाहेरची गरम हवा हळूहळू आत शिरायची आणि खोली उबायची. खोलीतल्या नियमांच्या पुस्तिकेत हे छापलेलं होतं. ती पुस्तिका लोक चहाचा कप ठेवायला वापरत.

अशा त्या खोलीत एके वर्षी पावाच्या बेकरीचे मालक आणि त्यांची बायको आले. आमचा खोली आवरणारा त्यांना 'भट्टीवाले' म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणते. भट्टीवाल्यांचं आयुष्य भट्टीच्या तोंडाशी गेलेलं. बाई गल्ल्यावर बसायच्या. तिथे दुकानाच्या सताड उघड्या दाराचा वारा सतत पाठीवर. एकाच दुकानात दोन ऋतू. त्यामुळे भट्टीवाल्यांना जन्माचं उकडायचं आणि बाईंना जन्माची थंडी वाजायची.

खोलीत पाऊल टाकताच भट्टीवाले जाळीखाली जाऊन उभे राहिले, सदऱ्याचं बटण काढलं आणि डोळे मिटून म्हणाले, याच्यासाठीच आलो मी. बाईंनी शाल गुंडाळून घेतली आणि मला पूर्ण लाल केलं. अर्थात काही फरक पडला नाही. बाई माझ्यासमोर उभ्या राहून बोलू लागल्या. तक्रार माझ्याबद्दल नव्हती. माहेरी खिडकी कधी उघडायची ते आजोबा ठरवायचे, सासरी सासूबाई, पुढे पंखा किती जोरात ते मुलगी. म्हणाल्या, "माझ्या शब्दावर या जन्मात पंख्याचं पातंसुद्धा हललं नाही."

भट्टीवाले सज्जात जाऊन आले. येताना त्यांची डावी चप्पल उंबऱ्यात अडकून राहिली आणि दार तिच्यावर टेकलं. जाड पडद्यामुळे ते दोघांनाही दिसलं नाही. ते बूट घालून जेवायला गेले, आणि दोघं परतेपर्यंत खोली छान उबली होती. बाईंनी शाल काढली, मला हात लावला आणि हसल्या. "बघितलंत? हिनं ऐकलं माझं."

मित्रांनो, ते हसू मी पाहिलं आणि भट्टीवाल्यांनीही पाहिलं. थोड्या वेळानं चप्पल शोधताना त्यांना ती दारात सापडली. ज्यानं जन्मभर भट्टीचं दार सांभाळलं, त्याला दाराची करामत समजायला कितीसा वेळ लागणार? त्यांनी चप्पल उचलली, हातात धरून क्षणभर जाळीकडे बघितलं, आणि पुन्हा होती तिथे ठेवली.

त्या दिवसापासून तो त्यांचा नेमच झाला. बाई मला लाल करायच्या आणि भट्टीवाले काहीतरी निमित्त काढून सज्जात डोकावून यायचे. मग ते गादीवर घामानं निथळत, कपाळावर ओला रुमाल ठेवून पडायचे. बाई म्हणायच्या, हा माणूस बर्फाच्या लादीवर ठेवला तरी घामाघूमच होणार. दाराच्या फटीतून वारा बारीक शिट्टी वाजवायचा. बाई म्हणायच्या, अहो, नाक आहे की कुकर. सकाळी खोली आवरणारा दारातली चप्पल उचलून तिच्या जोडीदारापाशी ठेवायचा. तोही कधी बोलला नाही. पण त्याच्याआधी बाई उठल्या, तर एकच चप्पल बघून दिवसाची सुरुवात व्हायची. "इतकी वर्षं झाली, दोन चपला एका जागी ठेवता येत नाहीत तुम्हांला."

"नाही येत खरं," भट्टीवाले म्हणायचे.

असा आमचा जमाखर्च होता. शाबासकी सगळी माझ्या खात्यावर आणि बोलणी सगळी त्यांच्या. बाई दरवर्षी हट्टानं हीच खोली मागायच्या. उतरताना मला थोपटून निरोप द्यायच्या. भट्टीवाले मागे दोन्ही हातांत बॅगा घेऊन उभे असायचे.

मग एका वर्षी बाई आल्या त्या मुलीबरोबर. भट्टीवाले नव्हते. बॅगेतून बाईंनी त्यांच्या चपला काढल्या आणि स्वतःच्या पायांत घातल्या. पावलं पार आत बुडाली. 

बाईंनी मला लाल केलं. खोली गारच राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. बाई मला समजावायच्या, थोपटायच्या. मुलगी आधी हसली, मग वैतागली, मग तिनं तक्रार केली. मिस्त्री आला. त्यानं मला उघडून तपासलं आणि म्हणाला की चकती ठणठणीत आहे, पण हिचा जोर एक-दोन अंशांचाच. बाई म्हणाल्या, दरवर्षी हिनं खोली अगदी उबदार केली आहे. मिस्त्री म्हणाला, "नसेल हो आजी. हिच्यानं ते होणारच नाही."

तो गेल्यावर मुलगी हळू आवाजात म्हणाली, "आई, बाबा गेल्यापासून तू बऱ्याच गोष्टी मनानंच जुळवतेस. रागावू नकोस. पण आता तू एकटी नको राहूस."

बाई रागावल्या नाहीत, हेच मला लागलं.  बेकरीवरच्या त्यांच्या दोन खोल्या सोडून मुलीकडे राहायला जायचं, हा विषय बरेच दिवस घोळत होता. आजवर त्या ठामपणे नाही म्हणत आल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी मान हलवली. "असेल. मीच जुळवलं असेल." तेव्हापासून त्यांनी मला हात लावला नाही. मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो. पण चकतीला 'टिक' सोडून दुसरं काही बोलता येतं का?

उतरायच्या आदल्या दुपारी मुलगी जेवायला वर गेली. बाईंना भूक नव्हती. त्या सज्जात जरा उन्हाला बसल्या आणि शाल, उशी, पाण्याची बाटली सगळं कवटाळून आत आल्या. येताना डावी चप्पल पायातून निसटली. मोठीच होती ना. हात भरलेले, म्हणून तशाच पुढे येऊन खुर्चीत टेकल्या आणि डुलकी लागली. मागे दार येऊन चपलेवर थांबलं. जाळीतली हवा बंद झाली.

जाग आली तेव्हा खोली उबलेली होती. बाई लगबगीनं माझ्यापाशी आल्या. मिस्त्रीनं सोडला तसा काटा मधेच होता, त्यांनी मला फिरवलंच नव्हतं. त्या घोटाळल्या. आणि तेवढ्यात फटीतून बारीक शिट्टी वाजली.

बाईंनी झटकन गादीकडे बघितलं. गादी रिकामी होती.

शिट्टी वाजतच होती. बाई त्या आवाजाच्या मागे एक-एक पाऊल टाकत पडद्यापर्यंत गेल्या. पडदा सारला. दारात डावी चप्पल. त्या खाली बसल्या. चप्पल काढली, दार लागलं, शिट्टी थांबली, जाळीतून गार हवा आली. चप्पल ठेवली, शिट्टी सुरू. असं त्यांनी कितीदा तरी केलं. मग चप्पल मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

मुलगी परतली तेव्हा त्या तिथेच होत्या. ती घाबरली. बाई म्हणाल्या, "तुझ्या बाबांची एक चप्पल कधी जागेवर नसायची. आठवतं?"

"न आठवायला काय झालं? किती बोलायचीस तू त्यांना."

"हो," बाई म्हणाल्या. "खूप बोलायचे."

त्यांनी मुलीला चप्पल दारात ठेवून दाखवली. मुलगी जाळीखाली हात धरून उभी राहिली. हवा थांबली, तशी ती आईजवळ खाली बसली आणि तिनं आईच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. तिच्याकडे राहायला जायचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

बाईंनी दोन्ही चपला जोडीनं गादीच्या त्या बाजूला ठेवल्या, जिथे भट्टीवाले झोपायचे. दार दाबून पक्कं लावलं. मग माझ्यापाशी आल्या आणि मला शेवटच्या टोकापर्यंत निळं केलं.

"जन्मभर भट्टीपुढे उभे राहिलात," त्या रिकाम्या गादीला म्हणाल्या, "आणि इथे आलात तर मी पुन्हा भट्टीतच निजवलं. आता घ्या गार वारा."

मुलगी म्हणाली, आई, कुडकुडशील. बाई म्हणाल्या, "शाल आहे मला."

दुसऱ्या दिवशी त्या उतरल्या. त्याच फेरीनंतर जहाज दुरुस्तीला गेलं. भिंतींवर आमच्या जागी काचेच्या चकचकीत पट्ट्या आल्या आणि आम्ही सगळ्या बहिणी या डब्यात.

मित्रांनो, तुमच्या घरात ऊब असेल, तर ती भिंतीवरच्या चकतीनंच दिली असं धरून चालू नका. घरात सगळ्यात जास्त बोलणी खाणारं माणूस कोण आहे ते बघा, आणि त्याची एक चप्पल कुठे असते तेही बघा. ते माणूस असेपर्यंत बघा.

आणि कधी या डब्यात हात घातलात, तर एवढंच करा. माझा काटा अजून निळ्या टोकाला आहे. तो फिरवू नका.